गाईच्या निमित्तानं

गाय ओरडत होती. उजाडायच्या आधीपासून तिचं चाललं होतं, आणि हे ओरडणं वैरणीसाठी नाही हे थोरलीला अंथरुणात पडल्यापडल्याच कळलं. वैरणीसाठी हंबरणारी गाय मध्येच थांबते, कान टवकारते, कोणी येतंय का बघते. ही थांबतच नव्हती. कास तटतटून फुगली की जनावर असं ओरडतं.

गाय थोरलीची नव्हती. अंगणापलीकडच्या घरात राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेची होती. त्यामुळे थोरली उठली, केस बांधले, बादली घेतली आणि रोजच्यासारखी विहिरीवर गेली.

अंगण दोघींचं एकच होतं आणि विहीरही एकच. पण थोरलीनं पहाटे पाणी भरायचं आणि ऊन अंगणात उतरल्यावर धाकटीनं, असं आपोआपच ठरून गेलं होतं. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? दोघींमध्ये शब्द नव्हता. थोरलीचा नवरा गेला त्या दिवसापासून नव्हता, आणि पुढे धाकटीचाही नवरा गेला तरी तो फुटला नाही. यंदा पाऊस रुसला होता. विहिरीत पाणी इतकं खाली गेलं होतं की दोर पुरत नव्हता. थोरलीनं त्याला जुन्या दाव्याचा तुकडा जोडला होता. ती गाठ हाताखालून जाताना दर वेळी तळव्याला खरचटायची.

तिनं बादली वर घेतली. गाय ओरडतच होती.

"मेली काय ही?" थोरली स्वतःशीच म्हणाली. जावेला म्हणाली की गाईला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी ती गेली ती गाईसाठी. हे तिनं पुढे चर्चच्या पाळकांना सांगितलं, तिथं शेजारी बसणाऱ्या शिंपिणीला सांगितलं, आणि ज्याला त्याला सांगत राहिली. माणसासाठी गेले नाही, गाईसाठी गेले.

गोठ्यात शिरून ती गाईच्या पोटाशी बसली. गाय गाभण होती, पण अजून दूध देत होती. पहिल्या धारा रागानं आल्यासारख्या भांड्यावर आपटल्या. हळूहळू गाय शांत झाली. आणि गाय गप्प झाल्यावर थोरलीला दुसरा आवाज ऐकू आला. घरातून येत होता. पोतं फरशीवरून ओढावं तसा.

धाकटी चुलीपाशी जमिनीवर पडली होती. अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. एक हात पोटाखाली अडकला होता, दुसऱ्यानं ती फरशी ओरबाडत होती. कपडे ओले झाले होते. थोरलीला बघून तिनं डोळे मिटून घेतले.

थोरली दारात उभी राहिली. हातात जावेच्याच गाईचं दूध होतं. ते तिनं खाली ठेवलं.

* * *

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. उजवी बाजू गेली आहे, म्हणाल्या, वाचा कितपत परत येईल सांगता येत नाही. पेज द्या, पातळ, चमच्यानं. कूस बदलत राहा, नाहीतर पाठीला जखमा होतील. रोज कोमट पाण्यानं पुसून काढा.

"घरात कोण असतं यांच्या?" त्यांनी विचारलं.

"मुलगा आहे. लांब असतो, जहाजावर," शिंपीण म्हणाली. ती डॉक्टरीणबाईंना घेऊन आली होती आणि सगळं बघून जाणार होती.

"आणि या?"

"मी शेजारी," थोरली म्हणाली.

शिंपिणीनं तिच्याकडे बघितलं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. धाकटी दात घट्ट मिटून घ्यायची. थोरली चमचा दातांवर टकटक वाजवायची, दारावर वाजवावं तसा. पेज हनुवटीवरून गळ्यात ओघळायची. थोरली ती पुसायची, पुन्हा चमचा भरायची. तोंडातून अवाक्षर काढायची नाही. कूस बदलताना जावेच्या काखेत हात घालावा लागे, तिचा गाल थोरलीच्या खांद्यावर टेके, आणि दोघीही नजर दुसरीकडे लावून बसत. इतक्या वर्षांत एकीनं दुसरीच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, आणि आता हे. घाणेरडी कापडं धुवायला पाणी लागायचं, आणि पाणी तर नव्हतं. अंग पुसलेल्या पाण्यात ती कापडं धुवायची आणि तेच पाणी मग भोपळ्याच्या वेलाला ओतायची. तिच्या पाठीत उसण भरली. रात्री आपल्या घरी जाऊन ती आडवी व्हायची तेव्हा हातांना जावेच्या अंगाचा वास यायचा. साबणानं घासून जायचा नाही.

आणि हे सगळं करताना तिच्या मनात काय होतं, तर खालचं शेत.

सासऱ्यांचं शेवटचं दुखणं थोरलीनंच काढलं होतं. धाकटी तेव्हा माहेरी होती, बाळंतपणाला. सासरे गेल्यावर शेताचा वाद कचेरीत गेला. तिथं धाकटीनं पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं की मरताना सासऱ्यांनी खालचं शेत तिच्या नवऱ्याला देतो म्हटलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. कानांनी! ज्या खोलीत ती नव्हतीच तिथलं. शेत गेलं. थोरलीचा नवरा दगडाच्या खाणीवर कामाला लागला, आणि छातीत धूळ भरून खोकत खोकत एका हिवाळ्यात संपला.

त्यानंतर थोरली चर्चमध्ये जायची, बसायची, गाणी म्हणायची. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी पाव-द्राक्षरसाचं ताट समोर आलं की पुढच्या बाईकडे सरकवायची. मनात वैर ठेवून ते खायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. वैर तर होतं. मग खोटं कशाला? पलीकडच्या रांगेत धाकटी मान खाली घालून घ्यायची, दर वेळी. थोरलीला ते दिसायचं.

* * *

आता रविवारी बायका तिच्याभोवती जमू लागल्या.

"धन्य आहे बाई तुमची," शिंपीण म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आमच्यानं नसतं झालं. क्षमा म्हणतात ती ही."

थोरलीचे कान तापले. लहान मुलाला चार लोकांत उभं करून कौतुकानं नाचायला लावावं, तसं तिला वाटलं. "मी गाईसाठी गेले होते," ती म्हणाली. बायका हसल्या. हा सुद्धा त्यांना तिचा मोठेपणाच वाटला.

त्याच आठवड्यात एके दिवशी तिनं जाणूनबुजून उशीर केला. सकाळी पेज दिली, गाईचं आवरलं, आणि मग विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. आतून आवाज येत होता. अंथरूण ओलं झालं की धाकटी असाच आवाज काढायची, नाकातून, रडं दाबल्यासारखा. थोरलीला तो आता ओळखता येत होता. ती ऐकत बसली. ऊन चढलं, कठडा तापला, मांड्यांना चटके बसायला लागले. तिच्या मनात आलं, ऐक. तुझा नवरा खोकला नाही, माझा नवरा खोकला, ते मी ऐकलं. आता तू ऐक स्वतःला.

आतला आवाज हळूहळू बंद पडला. तेव्हा तिला भीती वाटली आणि ती धावत आत गेली.

धाकटी जिवंत होती. छताकडे बघत होती. मांड्यांची कातडी लाल झाली होती. थोरलीनं पाणी कोमट केलं आणि पुसायला घेतलं. हात भराभर चालत होते, ते रागानं की कशानं, हे तिला सांगता आलं नसतं.

पाळक दुपारी आले. सायकल ढकलत आले, कारण चढावर त्यांना दम लागायचा. जाड माणूस, कपाळावर कायम घाम. चर्चमधल्या भक्तीत ते हल्ली देवानं माणसाचा देह घेतला याच विषयावर बोलत होते, रविवारमागून रविवार, आणि मंडळी जांभया देत होती. ते अंगणात बाजेवर बसले आणि थोरलीनं त्यांना पाणी दिलं. अर्धाच पेला. त्यांनी तो जपून प्यायला.

"पाळकसाहेब," ती उभ्यानंच म्हणाली, "त्या बायकांना गप्प करा."

"का? काय म्हणतात?"

"मला चांगली म्हणतात. मी आज तिला ओल्यात ठेवलं. मुद्दाम. ऐकत बसले होते तिथं."

पाळक तिच्याकडे बघत राहिले. थोरलीला वाटलं आता काहीतरी शास्त्रातलं येणार.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. मग गेले आत. पुसलं."

"आणि उद्या?"

"उद्या परत करावंच लागेल. कोण करणार? पण माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही. काही म्हणजे, आहे ते वाईटच आहे. घाण काढताना मनात म्हणते, बरं झालं तुला. असं म्हणत केलेलं देवाला पोचतं का? का नुसतीच हमाली?"

पाळकांनी पेला बाजेखाली ठेवला. गाय गोठ्यात शेपटीनं माशा हाकलत होती.

"खरं सांगू? मला नक्की माहीत नाही," ते म्हणाले. "आधी मन बदलतं, मग हात चालतात, असं आम्हांला शिकवलं आणि मीही तेच शिकवत आलो. पण हल्ली मला असं वाटतं की मनच काय ते मोठं असतं, तर देवानं वरूनच प्रेम केलं असतं. खाली यायची गरज नव्हती. भूक लागणारं, घाम येणारं अंग घेऊन आला. म्हणजे अंगानं करायचं काम त्याला हलकं वाटलं नसणार."

"तुमचं बरं आहे," थोरली म्हणाली. "मला तर हलकंच वाटतं."

"वाटू द्या. पण करताय ना?"

"पाठ मोडलीय करून."

"मग पाठीला तेल लावा," पाळक म्हणाले आणि उठता उठता कण्हले. "माझी बायको लावून देईल. तिला पाठवतो."

थोरलीला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं, त्यामुळे ते ओठांवर नीट बसलं नाही.

* * *

नंतरच्या आठवड्यात पाळक प्रभुभोजन घेऊन आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी ते आणतात तसं, लहान डब्यात पाव आणि बाटलीत द्राक्षरस. थोरलीनं जावेला भिंतीला टेकवून बसवलं, पाठीशी उशा लावल्या, केस विंचरले.

पाळकांनी प्रार्थना केली. मग पाव मोडला, आणि थांबले. धाकटीला चावता येत नव्हतं.

"तुम्ही भरवाल का?" त्यांनी थोरलीला विचारलं. "तुमच्या हाताची सवय आहे त्यांना."

थोरलीनं तो तुकडा घेतला, रसात भिजवला, बोटांनी चुरून मऊ केला आणि चमच्यानं जावेच्या जिभेवर ठेवला. घसा चोळला, म्हणजे गिळलं जातं. धाकटीनं गिळलं. कडेनं ओघळलेलं थोरलीनं बोटानं पुसून घेतलं.

मग पाळकांनी दुसरा तुकडा तिच्यापुढे धरला.

"मला नको," थोरली म्हणाली. "माझं मन साफ नाही. तुम्हांला माहीत आहे."

"आत्ता तुम्ही त्यांना भरवलंत. त्यांचं मन साफ आहे का, ते विचारलंत?"

थोरली जावेकडे बघत राहिली. धाकटीच्या हनुवटीवर रसाचा लाल ओघळ राहिला होता. थोरलीनं आपला हात कपड्याला पुसला आणि तुकडा घेतला. तोंडात टाकला. पाव शिळा होता. काहीच झालं नाही, आत काही हललं नाही, छातीवरचा दगड उतरला वगैरे नाही. ती चावत राहिली आणि गिळून टाकला.

तेवढ्यात धाकटी बोलू लागली. डावा हात उचलून, मान पुढे काढून, सगळा जोर लावून. "पा... पा... गा... पा..." डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पाळक गुडघ्यांवर आले. "पाप!" ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "पाप म्हणतायत त्या. ऐकलंत? माफी मागतायत तुमची!"

थोरलीनं ऐकलं होतं. या घरातला प्रत्येक आवाज तिला आता पाठ होता. ओल्या अंथरुणाचा वेगळा, तहानेचा वेगळा, माशी तोंडावर बसल्याचा वेगळा. आणि हा रोजचाच होता, दुपार कलली की येणारा. गाय गोठ्यात पाय आपटत होती. गाईला पाणी पाजलं का, असं विचारत होती ती. डोळ्यांतून पाणी तर तिच्या कायमच वाहायचं, उजवी पापणी पुरती मिटत नव्हती म्हणून.

पाळकांचा घामेजला चेहरा आनंदानं उजळला होता. त्यांना काय सांगायचं? थोरलीनं नुसती मान हलवली. ते सायकल घेऊन उतारावरून गेले, आणि त्यांच्या शिट्टीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

धाकटी अजून तेच म्हणत होती. "गा... पा..."

थोरली खोली आवरत होती. डबा, चमचा, उशी. हात थांबवून ती जावेकडे वळली.

"पाजलं," ती म्हणाली. "सकाळी पाजलं. आता परत पाजते."

धाकटीचा हात खाली आला. ती थोरलीकडे बघत राहिली. नवऱ्याला मातीत ठेवून आल्यापासून थोरली तिच्याशी बोलली ती आत्ता पहिल्यांदा, आणि बोलली ते गाईच्या पाण्याचं.

* * *

त्यानंतर थोरली बोलू लागली. फार काही नाही. विहिरीत बादली घासून वर येते, खालून गाळ येतो. गाय आता आटली, पोटातल्या वासराला जपायला हवं. शिंपिणीच्या सुनेनं केस कापलेत, बघवत नाही. धाकटी ऐकायची. हसण्याजोगं असलं तर डाव्या बाजूनं हसायची, आणि ते हसू बघून थोरलीला दर वेळी अवघडल्यासारखं व्हायचं, कोणाच्या उघड्या दारातून आत डोकावल्यासारखं.

एकदा केस विंचरताना तिनं विचारून टाकलं. आवाज चढवला नाही.

"सासरे तसं म्हणाले होते का गं? खालच्या शेताचं?"

धाकटीनं डोळे मिटून घेतले. थोरलीनं थोडी वाट बघितली. मग कंगव्यात अडकलेला गुंता सोडवला आणि वेणी घालून टाकली. दोघी पुन्हा त्या विषयावर आल्या नाहीत.

धाकटी गेली ती भर दुपारी. थोरली वैरणीचा भारा घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "आज बांधावर ससा दिसला," आणि पुढे काही बोलायच्या आधीच तिला कळलं. खोलीत माणूस असतं तशी ती खोली नव्हती.

अंग तिनंच धुतलं. शिंपीण मदतीला पुढे आली, पण थोरलीनं तिला दाराबाहेर थांबवलं. पाठीवर एकही जखम नव्हती. तिनं दोनदा बघितलं.

मुलगा आला तोवर माती देऊन झाली होती. मोठा, रापलेला माणूस, अंगणात कुठे उभं राहावं हे न कळल्यासारखा उभा होता. संध्याकाळी तो थोरलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"मोठी आई," तो म्हणाला, "पाळकसाहेबांनी सांगितलं. आईनं शेवटी तुमची माफी मागितली म्हणे."

थोरली शेंगा सोलत होती. हो म्हणणं सोपं होतं. पोराचा चेहरा तेच मागत होता. पण खोटी साक्ष या घराण्यात एकदा झाली होती, तिला दुसरी नको होती.

"नाही रे," ती म्हणाली. "गाईला पाणी पाजलं का, असं विचारत होती ती."

मग त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला, आणि त्यानं तळव्यांनी डोळे दाबून धरले. "तशीच होती ती," तो म्हणाला. थोड्या वेळानं: "मग तुम्ही? तुम्ही केलं का माफ?"

"मला नाही माहीत. रोज करायचं काम होतं, ते केलं. त्यात ते झालं असेल तर झालं असेल."

दोन दिवसांनी तो गेला. घराला कुलूप लावलं. खालचं शेत त्यानं गावातल्या एकाला कसायला दिलं. थोरलीला विचारलं नाही, त्याच्या डोक्यातही आलं नसावं. गाय तेवढी ठेवून गेला. जहाजावर गाय कुठे नेणार?

आता विहिरीवर ती कधीही जाऊ शकत होती. तरी पहाटेच जायची. ऊन अंगणात उतरलं की हात आपोआप थांबायचे, जावेचं अंग पुसायला कपडा पिळायचे, मग रिकामे मांडीवर पडायचे. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती एकटीच आहे. एकटेपणा म्हणजे काय ते तिला आत्ता कळत होतं. राग धरायलाही समोर कोणी लागतं, आणि भिंतीपलीकडे आता कोणी नव्हतं. रविवारी ताट समोर आलं की ती घ्यायची. पलीकडच्या रांगेतली जागा रिकामी असायची. संध्याकाळी गुडघे टेकून पाठ असलेली प्रार्थना म्हणायची, आणि ती कोरड्या विहिरीत दगड टाकल्यासारखी वाटायची.

ढग येऊन जात होते. एका सकाळी, नुकतंच फटफटत असताना, गाय व्यायली. थोरली गोठ्यात गुडघ्यांवर बसून होती. वासराचे पाय ओढताना तिचे दंड भरून आले. मग ते ओलं, वाफाळतं ओझं एकदम गवतावर घसरलं. तिनं नाकातला चिकटा काढला, कापडानं खसाखसा पुसलं. गाय वळून चाटू लागली. थोड्या वेळानं ते पोर पाय फाकवून उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं.

थोरली धावली. अंगण ओलांडून, हात तसेच रक्ताचे, जावेच्या दारापर्यंत. तोंडातून पहिला शब्द फुटलासुद्धा होता. समोर कुलूप होतं.

ती तिथंच पायरीवर बसली. छाती धपापत होती. सांगायचं होतं ते तोंडात तसंच होतं, आणि गिळवत नव्हतं. आसपास कोणी नव्हतं. विहीर होती, गोठ्यातून जिभेचा खरखरीत आवाज येत होता, आणि वर आभाळ फिकट होत चाललं होतं. तिनं गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत, हात जोडावेत तर ते भरलेले होते. पाठ असलेलं काही तिला आठवलंही नाही.

"कालवड झाली," ती वर बघून म्हणाली. "पांढरी आहे, कपाळावर थोडी तांबूस. दोघी बऱ्या आहेत."

जरा थांबून तिनं पुढे सांगितलं, "तिलाही सांग."

आणि हात धुवायला ती विहिरीकडे गेली.